कोटिंगवाल्या पत्र्यावर साध्या कलर प्रिंटरने फोटो कसा छापायचा

आधी एक गैरसमज काढून टाकू, पत्रा प्रिंटरमधून जात नाही. टेबलावरचा प्रिंटर म्हटलं की लोकांना वाटतं पत्रा ट्रेमध्ये सरकवायचा आणि प्रिंट दाबायचं, तसं काही नाहीये. छापायचं कागदावर, तेही उलटं, आणि मग तो कागद पत्र्यावर पालथा घालून हीट प्रेसमध्ये (गरम प्लेटने दाबणारं यंत्र) २०० अंश सेल्सिअसच्या आसपास दाबायचा, की कागदावरचा रंग उठून पत्र्यावरच्या कोटिंगमध्ये जातो. याला सब्लिमेशन म्हणतात. (थेट पत्रा घालून छापायची पद्धतही आहे, त्याला इंकजेटची शाई धरणारं वेगळं कोटिंग लागतं आणि पत्रा न वाकवता सरळ पुढे नेणारा मोठा फोटो प्रिंटर लागतो. तो विषय वेगळा, साध्या प्रिंटरमध्ये पत्रा घालायचा प्रयत्नसुद्धा करू नका, शाई उडवणारं हेड घासून जाईल. आणि लेझर प्रिंटरमध्ये तर मुळीच नको.)

आता हे होतं कसं ते दोन मिनिटं समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या सेटिंग्ज यातूनच येतात आणि काही बिघडलं तर कुठे बघायचं तेही यातूनच कळतं. सब्लिमेशनच्या शाईत डिस्पर्स डाय नावाचे रंग असतात, ते साधारण १८० ते २१० अंशांच्या पट्ट्यात घनातून सरळ वायू होतात, मध्ये पातळ होत नाहीत. पत्र्यावर जे कोटिंग असतं ते पॉलिएस्टरचं, ते त्याच गरमीत सैल पडतं आणि रंगाचा वायू त्यात मुरतो. पत्रा गार झाला की कोटिंग परत घट्ट, रंग आत कोंडला. म्हणून नीट झालेल्या प्रिंटवर नख घासा, ओला कपडा फिरवा, काही होत नाही, कारण रंग वर नाहीचे, तो आत आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे धातूचा या कामात तसा काही हातच नाही, सगळं काम कोटिंगचं, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातला साधा ॲल्युमिनियमचा पत्रा आणून कितीही दाबला तरी त्यावर नुसता डाग पडेल आणि तोही पुसला जाईल. दुसरी म्हणजे प्रिंटर अर्धंच काम करतो, उरलेलं अर्धं प्रेस करतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की नवीन लोक प्रिंटरवर नको इतका जीव टाकतात आणि प्रेसकडे बघतच नाहीत. रंग फिका आला की लगेच प्रिंटरच्या सेटिंग्ज उलट्यापालट्या करायला बसतात, आणि खरा लोचा असतो पाच सेकंदांचा नाहीतर दहा अंशांचा.

प्रिंटर आणि शाई

इंकजेट हवा, आणि तोसुद्धा पिएझो हेडवाला. पिएझो हेडमध्ये एक बारीक क्रिस्टल विजेने हलतो आणि शाई ढकलतो, शाई तापत नाही. दुसरा प्रकार थर्मल, त्यात शाई क्षणभर तापवून बुडबुडा करतात आणि त्याच्या जोरावर थेंब उडतो. आता जी शाईच गरमीने वायू होण्यासाठी बनवलीय ती तापवणाऱ्या हेडमध्ये घालायची म्हणजे कटकटच. एप्सन आणि ब्रदरचे घरगुती इंकजेट पिएझो असतात, एचपी आणि कॅननचे घरगुती बहुतेक थर्मल. म्हणून या धंद्यात सगळीकडे एप्सनच दिसतो, विशेषतः टाकीवाले, कारण टाकीत सरळ सब्लिमेशनची शाई ओतता येते.

नवा कोरा टाकीवाला प्रिंटर घेऊन त्यात पहिल्यापासूनच सब्लिमेशनची शाई भरा, हे सगळ्यात सोपं. जुन्या प्रिंटरमधली साधी शाई काढून ही भरायची असेल तर नळ्या, डँपर (हेडच्या आधी शाई धरणारी छोटी डबी), हेड सगळं नीट धुवून काढावं लागतं आणि तरी पहिली बरीच पानं रंग भेसळ येतो. एकदा ही शाई घातली की तो प्रिंटर याच कामाचा, त्यावर ऑफिसचे कागद छापायचे नाहीत, म्हणजे छापले जातील पण फिके आणि मळकट. आणि हो, अशी शाई भरली की कंपनीची वॉरंटी गेली असं धरूनच चला. हे सगळं नको असेल तर एप्सनचा शुअरकलर एफ१७० किंवा सॉग्रासचा एसजी५०० असे मुळातच सब्लिमेशनसाठी बनवलेले प्रिंटर मिळतात, महाग पडतात पण रंग जुळवायचा घोळ बराच कमी होतो.

चार रंगांचा पुरतो. सहा रंगांचा, म्हणजे ज्यात लाइट सायन (फिका निळा) आणि लाइट मजेंटा (फिका गुलाबी) असतात, तो चेहऱ्यांसाठी जास्त चांगला, गालावरची सावली मऊ येते, ठिपके दिसत नाहीत. लोगो आणि नावाच्या पाट्याच करायच्या असतील तर सहाची गरज नाही.

पांढरी शाई नसते. हे पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

ब्लँक कोणता घ्यायचा

ब्लँक म्हणजे छापण्यासाठी तयार मिळणारा कोटिंगवाला कोरा पत्रा. दुकानात विचारताना "सब्लिमेशन ब्लँक" असंच विचारा, नुसतं "पांढरा पत्रा" म्हणालात तर कोणताही रंगवलेला पत्रा हातात येईल. चांगल्या ब्लँकवर पातळ प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते. जाडी बरीच वेगवेगळी मिळते, कार्डाच्या आकाराचे ब्लँक ०.२ मिलिमीटरच्या आसपास, पाट्या आणि टॅग अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे, आणि भिंतीवर लावायचे फोटो पॅनल १.१४ मिलिमीटर वगैरे. पातळ पत्रा पटकन तापतो पण वाकतो, जाड पत्रा सरळ राहतो पण वेळ जास्त खातो.

फिनिशवर थोडं थांबू, कारण इथे चुकलं तर पुढे काहीच हातात राहत नाही. ग्लॉसी पांढरा म्हणजे सगळ्यात सुरक्षित, काळा खोल येतो, रंग उठून दिसतात, फक्त समोर खिडकी असेल तर चमक मारतो आणि बोटांचे ठसे दिसतात. मॅट पांढऱ्यावर काळा थोडा राखाडीकडे झुकतो पण लांबून वाचायच्या पाट्यांना तो बरा. मग येतात चंदेरी आणि सोनेरी, ज्यांच्यावर पारदर्शक कोटिंग असतं आणि खालचा धातू दिसतो. शोरूममध्ये हे फार भारी दिसतं आणि घरी आणून माणूस त्यावर लग्नाचा फोटो छापतो आणि डोक्याला हात लावतो. कारण मघाशी म्हटलं तसं पांढरी शाई नाही, फोटोत जिथे पांढरं तिथे ब्लँकचा स्वतःचा रंग दिसणार, म्हणजे चंदेरीवर पांढरा शर्ट पत्र्याच्या रंगाचा, दात पत्र्याच्या रंगाचे. सोनेरीवर निळा छापला तर हिरवट दिसतो, कारण पिवळ्यावर पारदर्शक निळा पडला की तेच होणार. चेहरे पांढऱ्यावरच करा. चंदेरीवर गाड्या, इमारती, समुद्र, काळी अक्षरं, असलं काम झकास येतं, तिथे धातूची चमक उलट मदत करते.

एक बारीक सूचना, ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही. फ्रिजवर लावायचं काही करायचं असेल तर मागे चुंबक चिकटवावा लागेल. आणि पत्र्याचा बोर्ड करून त्यावर चुंबकाने कागद लावायचे असतील तर चुंबक चिकटणारा, कोटिंगवाला लोखंडी किंवा स्टीलचा ब्लँक घ्या.

फाइल तयार करताना

३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) पुरे. आकार ब्लँकपेक्षा चारही बाजूंनी ३ मिलिमीटर मोठा ठेवा, कारण कागद आणि पत्रा तंतोतंत जुळवणं हाताने जमत नाही आणि कडेला पांढरी रेघ राहिली की सगळं काम नवशिकं दिसतं. म्हणजे उदाहरणार्थ एटीएम कार्डाच्या आकाराचा ब्लँक असेल, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, तर फाइल ९१.६ बाय ६० मिलिमीटरची, पिक्सेलमध्ये साधारण १०८२ बाय ७०९. महत्त्वाची अक्षरं कडेपासून ४-५ मिलिमीटर आत.

इथे एक गंमत आहे जी ब्लँक विकत घेतल्यावरच कळते. ए४ प्रिंटर आहे म्हणून ए४ आकाराचा पत्रा आणला, २१० बाय २९७, तर त्याला वाढीव कडा धरून २१६ बाय ३०३ छापावं लागतं आणि ते ए४ कागदावर मावतच नाही. त्यामुळे ए४ प्रिंटरवाल्याने २०० मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचाच पत्रा घ्यावा, पूर्ण ए४ पत्रा हवा तर ए३ प्रिंटर बघा.

इमेज आडवी उलटी करायची, म्हणजे मिरर. ड्रायव्हरमध्ये (प्रिंट देताना उघडणाऱ्या प्रिंटरच्या सेटिंग्जमध्ये) खूण असते ती लावा किंवा सॉफ्टवेअरमध्ये फ्लिप करा, दोन्हीकडे केलंत तर परत सुलटी होईल आणि पत्र्यावर नाव उलटं येईल. मी फाइल कायम सुलटीच सेव्ह करतो आणि मिरर फक्त ड्रायव्हरमध्ये लावतो, म्हणजे कुठली फाइल उलटी कुठली सुलटी हा प्रश्नच येत नाही.

बारीक अक्षरांबद्दल, रंग वायू होऊन जातो त्यामुळे कडा अगदी किंचित पसरतात. ६ पॉइंटखाली आणि त्यातून काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर मधल्या फटी बुजायला लागतात. मराठी अक्षरांत तर अनुस्वार, रफार, जोडाक्षरातल्या बारीक जागा आधी बुजतात, म्हणून जरा मोठा आणि जाडसर फाँट घ्या.

रंगांचं काय

कागदावरची प्रिंट बघून घाबरू नका. छापून आलेला कागद मळकट, फिका, काळा करडा किंवा तपकिरी, लाल विटकरी, असाच दिसतो. प्रेसमधून गेल्यावर रंग खुलतात. म्हणून कागदाकडे बघून ब्राइटनेस वाढवायचा नाही. कागदावर फक्त दोनच गोष्टी तपासा, आडव्या रेघा नाहीत ना आणि एखादा रंग गायब नाही ना.

रंग बरोबर यायला आयसीसी प्रोफाइल लागतं. ही एक छोटी फाइल असते जी सॉफ्टवेअरला सांगते की या शाईने, या कागदावर, या प्रिंटरने अमुक आकडा पाठवला की शेवटी अमुक रंग येतो. शाई विकणारे बहुतेक जण ती देतात, मागून घ्या, आणि तुमच्या प्रिंटरच्या मॉडेलचीच मागा. फोटोशॉपमध्ये प्रिंट करताना कलर मॅनेजमेंट फोटोशॉपकडे द्यायचं, प्रोफाइल निवडायचं, आणि ड्रायव्हरमध्ये कलर करेक्शन पूर्ण बंद करायचं. हे शेवटचं लोक विसरतात आणि मग दोघंही रंग सुधारत बसतात, एकदा सॉफ्टवेअर आणि वर परत ड्रायव्हर, आणि चेहरे लालभडक येतात. कागदाचा प्रकार मॅट निवडा, क्वालिटी हाय. प्रोफाइल बनवणाऱ्याने वेगळं काही लिहिलं असेल तर त्याचंच ऐका, कारण प्रोफाइल त्या सेटिंगवरच बनवलेलं असतं.

प्रोफाइल नसेल तर? तर ड्रायव्हरचाच रंग ठेवा आणि टेस्टवरून फाइलमध्ये थोडं थोडं बदलत जा. साध्या पाट्यांचं काम तेवढ्यात भागतं, फोटोंचं नाही.

स्क्रीनवरचे निऑन हिरवे, भडक जांभळे पत्र्यावर तसे येणार नाहीत, ती शाईची हद्द आहे. गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कागद

सब्लिमेशन ट्रान्सफर पेपर घ्या, १०० ते १२० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) चालतो, छापायची बाजू जास्त पांढरी असते, मागची किंचित पिवळट किंवा कंपनीचं नाव छापलेली. एक प्रकार टॅकी पेपर म्हणून येतो, गरम झाला की चिकट होतो, तो कपड्यांसाठी आहे, पत्र्यावर अजिबात वापरू नका, चिकटून बसेल. छापल्यावर कागद काही मिनिटं सुकू द्या, बोट लागून रंग पसरला तर तो पसरलेलाच पत्र्यावर जाणार. कागद पिशवीत बंद ठेवा, दमट हवेत कागद पाणी ओढतो आणि प्रेसमध्ये त्या पाण्याची वाफ होते, वाफेने रंगात ढगासारखे ठिपके पडतात. पावसाळ्यात काम बिघडायचं हे एक नंबरचं कारण. उपाय सोपा, छापलेला कागद पत्र्यावर लावायच्या आधी गरम प्रेसच्या जवळ, न दाबता, तीन-चार सेकंद धरायचा, ओल उडून जाते. दाबायचा नाही, नाहीतर रंगच उडून जाईल.

आता प्रेस

इस्त्रीने होईल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नाही होत. इस्त्रीची गरमी सगळीकडे सारखी नसते, खाली वाफेची भोकं असतात, आणि सारखा दाब हाताने एक मिनिटभर धरता येत नाही. किचेनएवढा छोटा तुकडा कदाचित बरा निघेल, त्यावर खूश होऊन फोटो पॅनल करायला जाऊ नका.

सपाट हीट प्रेस हवा. शिंपल्यासारखा उघडणारा स्वस्त मिळतो आणि पातळ पत्र्याला चालतो, पण जाड वस्तूला त्यात मागच्या बाजूला जास्त आणि पुढे कमी दाब येतो. वरची प्लेट बाजूला फिरणारा असेल तर दाब सरळ वरून येतो आणि कागद ठेवताना हातावर गरम प्लेटही नसते.

प्रेसच्या डिस्प्लेवर २०० लिहिलंय म्हणजे प्लेट २०० अंशांवर आहे असं नाही. स्वस्त प्रेसमध्ये मधोमध आणि कडेला दहा-पंधरा अंशांचा फरक सहज असतो. तापमान दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या पत्र्यासोबत दाबल्या की रंग बदलून खरं तापमान सांगतात. बंदुकीसारखा लांबून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर चकाकत्या धातूवर चुकीचा आकडा देतो, त्यावर विसंबू नका, मोजायचंच असेल तर काळ्या टेफ्लॉनवर नाहीतर मॅट टेपवर मोजा.

आता कृती. प्रेस २०० अंशांवर लावून पूर्ण तापू द्या, आकडा आला की लगेच सुरू करू नका, अजून दहा मिनिटं थांबा म्हणजे प्लेट सगळीकडे सारखी होते. तोवर ब्लँकवरची फिल्म काढा. हो, हे सांगावं लागतं, पांढऱ्या ब्लँकवर ती दिसत नाही आणि फिल्मसकट दाबलं तर ती वितळून कोटिंगवर बसते, ब्लँक गेला आणि प्रेस साफ करायचं काम वाढलं. मग पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कपड्याने हलका पुसा. धुळीचा एक कण म्हणजे एक पांढरा ठिपका, आणि कपड्याचा एक बारीक धागा म्हणजे निळसर केसासारखी रेघ, जी पुसून जात नाही. हे निळे ठिपके कुठून येतात म्हणून लोक प्रिंटर खोलून बसतात, आणि ते आलेले असतात अंगातल्या शर्टावरून. चिकट रोलर असेल तर कागद आणि पत्रा दोन्हीवर एकदा फिरवा.

कागद छापील बाजूने पत्र्यावर ठेवा आणि गरमी सहन करणाऱ्या टेपने एका कडेला दोन जागी चिकटवा, टेप मागे वळवून पाठीवर लावा, चित्रावर नको, कारण टेपखाली रंग वेगळा येतो. चारही बाजूंनी आवळून बांधायचा मोह होतो पण तो टाळा. ॲल्युमिनियम तापलं की वाढतं, ३०० मिलिमीटरचा पत्रा खोलीच्या तापमानापासून २०० अंशांपर्यंत गेला की सव्वा मिलिमीटरच्या आसपास लांब होतो, आणि कागद उलट ओल गेल्याने आक्रसतो, दोघांना जखडून ठेवलं तर कागदाला सुरकुती पडते.

खाली आणि वर साधा कोरा कागद ठेवायचा, शाई न लागलेला, म्हणजे कडेने सुटलेला वायू त्यात जिरतो. बरेच जण इथे टेफ्लॉन शीट वापरतात, पण टेफ्लॉनमध्ये काही जिरत नाही, रंग तिच्यावर बसतो आणि पुढच्या पत्र्यावर मागच्याची सावली उमटते. कोरा कागद दर वेळी नवा घ्या, एवढ्यात काटकसर नको.

वर कागद खाली पत्रा, की वर पत्रा खाली कागद? पातळ धातूला दोन्ही चालतं कारण धातूतून गरमी लगेच पलीकडे जाते. मी कागद वर ठेवतो, वेळ कमी लागतो. पत्रा वर ठेवून पाठीकडून तापवायचा असेल तर वेळ थोडा वाढवा.

वेळ ६० सेकंदांपासून सुरू करा, पातळ ॲल्युमिनियमला ५० ते ६० पुरतात, एक मिलिमीटरच्या वरच्याला ७०-८० लागू शकतात, स्टील जरा सावकाश तापतं म्हणून ७५ ते ९०. ब्लँकच्या पाकिटावर काही लिहिलं असेल तर आधी तेच करून बघा. दाब हलका ते मध्यम. कपड्यावर छापताना करतो तसा जोर इथे लावायचा नाही, गरम कोटिंग मऊ असतं आणि जास्त दाबलं तर कागदाची खरबड ग्लॉसवर उमटते, कधी कागदच चिकटतो.

वेळ संपली की प्रेस झटक्यात उघडू नका, सावकाश वर घ्या, नाहीतर हवेच्या ओढीने कागद हलतो. जाड हातमोजे घालून पत्रा कडेने धरा, टेप सोडा आणि कागद एकाच ओढीत सरळ काढून टाका. कागद गरम असतानाच काढायचा. तसाच ठेवलात तर रंग अजून सुटतच असतो आणि पत्रा गार होताना आक्रसतो, त्यात कागद जरा सरकला की सगळ्या अक्षरांना सावली. मग पत्रा तोंड वर करून सपाट दगडावर किंवा जाड धातूच्या पाटावर ठेवा, गरमी सगळीकडून सारखी निघते आणि पत्रा वाकत नाही. पाच मिनिटं हात लावायचा नाही. बघताना तो गरम वाटत नाही, पण असतो, आणि कडाही धारदार असतात. खोलीत खिडकी उघडी ठेवा, वास आणि वाफ दोन्ही येतात.

पहिल्या दिवशी टेस्ट करा

मोठा पत्रा थेट घेऊ नका. छोटे टॅग घ्या, सगळ्यांवर एकच चित्र, ज्यात एक चेहरा, एक गडद काळा चौकोन, एक राखाडी पट्टी आणि थोडी बारीक अक्षरं असतील. तापमान आणि दाब तसाच ठेवून वेळ ४५, ६०, ७५, ९० करा, प्रत्येकाच्या मागे मार्करने वेळ लिहा आणि मग उजेडात शेजारी शेजारी ठेवून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वेळ, तापमान, दाब तिन्ही एकदम हलवलंत तर कशाने काय झालं हे देवालाही सांगता येणार नाही. नवीन ब्लँक, नवी शाई किंवा नवा कागद आला की ही टेस्ट परत.

वापरलेला कागद लगेच फेकू नका, तोही बोलतो. त्यावर चित्राची फिकी सावली उरली असेल तर बरोबर, चित्र अजून गडद दिसत असेल तर वेळ किंवा गरमी कमी पडली.

बिघडलं तर कुठे बघायचं

सगळंच फिकं आलं तर वेळ, तापमान नाहीतर कागदाची उलटी बाजू. काळा तपकिरी दिसतो, पांढरं पिवळट पडलंय, कडा धूसर आहेत, तर जास्त भाजलं गेलंय, दहा सेकंद कमी करा. मधे चांगलं आणि एक कोपरा फिका, तर तिथे दाब किंवा गरमी कमी आहे, पत्रा १८० अंशात फिरवून दुसरा एक दाबून बघा, फिका कोपरा प्रेसच्या त्याच जागी राहिला तर दोष प्रेसचा, पत्र्याबरोबर फिरला तर दोष फाइलचा किंवा ब्लँकचा. ही युक्ती फार वेळ वाचवते. आडव्या सारख्या अंतराच्या रेघा म्हणजे नोझल (हेडमधली शाईची बारीक भोकं) बंद, हा खरोखर प्रिंटरचा दोष. ढगाळ ठिपके म्हणजे ओल. दुहेरी प्रतिमा म्हणजे कागद हलला. चेहरे हिरवट किंवा लाल पण बाकी सगळं गडद आणि स्वच्छ, तर प्रोफाइल चुकलं.

बिघडलेल्या पत्र्यावर परत दाबून दुरुस्ती होत नाही, दुसऱ्यांदा कागद तंतोतंत बसत नाही आणि आधीचा रंगही परत उठतो. तो पत्रा पाठीच्या बाजूने कोटिंगवाला असेल तर टेस्टला ठेवा, नसेल तर सोडून द्या.

दोन्ही बाजूंनी छापायचे टॅग

एक बाजू करून मग दुसरी केली तर पहिली परत तापते आणि तिचा रंग खालच्या कागदात उतरून फिका पडतो. पातळ टॅगला चांगला मार्ग म्हणजे दोन्ही बाजूंना कागद लावून एकदमच दाबायचं, धातू दोन्हीकडे तापतो, फक्त वेळ ८-१० सेकंद जास्त द्या आणि भोक कुठल्या बाजूला येतंय ते छापायच्या आधी बघा, मागची बाजू उलटी पकडली जाते.

स्टीलचे मग आणि बाटल्या याच शाईने होतात पण सपाट प्रेसवर नाही, त्यांना गोल मग प्रेस लागतो. झाकण, सिलिकॉनची रिंग, प्लास्टिकचा तळ आधी काढून ठेवा, आणि ओव्हनमध्ये करत असाल तर तो ओव्हन परत खाण्याच्या कामाला वापरायचा नाही. निमुळत्या बाटलीवर सरळ चौकोनी कागद बसत नाही, त्याला कमानीच्या आकाराची फाइल करावी लागते.

प्रिंटर सांभाळणं

ही शाई बसून राहिली की खाली साका धरते आणि नोझल बुजतात. आठवड्यातून एकदा तरी सगळे रंग असलेलं एखादं पान छापा, काम असो नसो. नोझल चेकमध्ये तुटक रेघ दिसली तर एकदा हेड क्लिनिंग करा, तरी नाही सुटली तर थोडे तास थांबून परत करा, सलग पाच-सहा वेळा क्लिनिंग मारलं तर शाई संपते आणि वाया गेलेल्या शाईचं पॅडही लवकर भरतं. टाकीतली पातळी खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरली की ती काढणं डोकेदुखी.

झालेली प्रिंट घासणीने घासायची नाही, मऊ ओल्या कपड्याने पुसली की पुरे. रंग डाय असल्यामुळे थेट उन्हात उडतात, घरात भिंतीवर वर्षानुवर्षं चांगली राहते पण बाहेर गेटवर लावायची पाटी म्हणून कोणी मागितली तर बाहेरच्या वापरासाठी म्हणून विकला जाणारा ब्लँक घ्या आणि तरी रंग कायमचा टिकेल असा शब्द देऊ नका. पत्रा कापायचा असेल तर आधी छापा, मग चित्राच्या बाजूने फिल्म किंवा टेप लावून कापा आणि कडा बारीक कानसने मागच्या बाजूला घासा, पुढे घासली तर कोटिंगचे टवके निघतात.